आमच्या अंगणातली स्मशानाची वाट

परभणीत मी एका शाळेत विज्ञान शिकवते, पण शाळेत माझं नाव झालंय ते मधल्या सुट्टीतल्या भांडणांमुळे. शिक्षकांच्या खोलीत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे सर पेपर उघडतानाच ठरवतात की पकडला गेलेला पुढारी निर्दोष आहे. दुसऱ्या पक्षाच्या बाई पेपर न उघडताच ठरवतात की तो चोर आहे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा कुणी सापडला की दोघं बाजू बदलतात, वाक्यं मात्र तीच राहतात. ‘आमच्याच माणसाच्या मागं चौकशी कशी लागते?’ ‘त्यांच्या काळात झालं तेव्हा कायदा कुठं झोपला होता?’ या वाक्यांची मला भारी चीड. डबा बंद करून मी मध्ये पडायची आणि ठणकावून सांगायची, ‘ज्यानं खाल्लं त्याला आत घाला. दुसऱ्यानं किती खाल्लं ते नंतर बघू.’ यावर खोली जरा गप्प व्हायची. ते गप्प होणं मला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझं माहेर ताडकळसच्या बाजूला, एसटीनं तासाभरावर. गेल्या निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा दादानं वहिनीला उभं केलं. बॅनरवर दादा पायापासून डोक्यापर्यंत हात जोडून उभा होता आणि वहिनी कोपऱ्यातल्या गोलात होती. ती निवडून आली. दुसऱ्या दिवसापासून गाव दादाला सरपंच म्हणायला लागलं आणि वहिनीला ‘सरपंचाची बायको’. ती दहावी शिकलेली, अक्षर वळणदार. जिथं दादा बोट ठेवेल तिथं ती सही करायची.

कारभारात तिनं स्वतःहून एकच काम मागितलं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, ऐन पावसाळ्यात गेले होते. बायका स्मशानात जात नाहीत, पण माणसं परत आली ती वहिनीनं दारातून पाहिली होती. आमच्याकडची काळी माती पाऊस पडला की पाय धरून ठेवते. आप्पांची तिरडी नेताना खांदेकरी मांड्यांपर्यंत चिखलानं भरले होते आणि रस्त्यात कुणीतरी वैतागून शिवी हासडली होती, ती घरापर्यंत आली. ते तिच्या मनाला लागलं होतं. पहिल्याच मासिक सभेत ती डोक्यावरचा पदर धरून उठली आणि म्हणाली, ‘मसणवट्याचा रस्ता करा. मेल्यावर तरी माणसाचे हाल नकोत.’ दादानं मला हे फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ‘लय मुद्द्याचं बोलली बग तुही वैनी,’ असं म्हणाला.

रस्ता मंजूर झाला. पेव्हर ब्लॉकच्या ट्रॉल्या आल्या. रस्त्याच्या कडेला ठेवले तर लोक उचलून नेतील, म्हणून बरेचसे ब्लॉक आमच्या दारात उतरवले. राखणीला आणलेले ब्लॉक मग हळूहळू आमच्या अंगणातच बसले. आधी दारापुढे, मग तुळशीभोवती, मग गाडी लावायच्या जागेपर्यंत. खरा रस्ता गावाच्या शेवटच्या घराशी येऊन थांबला. तिथून पुढे स्मशानापर्यंत पूर्वीसारखीच काळी माती. वहिनीनं विचारलं होतं म्हणे, ‘मंग मसणवट्याला?’ दादा म्हणाला, ‘दुसरी खेप यायलीय.’

मी पंचमीला माहेरी गेले तेव्हा अंगण पाहिलं. लाल-करडी नक्षी, पाऊस पडला तरी पायाला चिखल नाही. हे कुठून आलं, असं मी विचारलं नाही. शाळेत कुठल्या मंत्र्याचा बंगला कसा झाला याचा हिशेब मागणारी मी, खुर्ची टाकून अंगणात बसले आणि आईला म्हणाले, ‘झकास झालंय गं.’

पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी खालच्या गल्लीतले एक म्हातारबाबा गेले. पाऊस धरून होता. वरच्या माळवदावरून मला शेवटच्या घरापुढची वाट दिसत होती. ब्लॉक संपले तिथपर्यंत माणसं नीट चालली. पुढे चार पावलं गेली आणि तिरडी कलली. एकाचा पाय रुतून बसला होता. शेवटी त्यांनी म्हातारबाबांना चिखलातच खाली ठेवलं, पाय उपसून काढले आणि पुन्हा उचललं. दादा खांदेकऱ्यांत होता. परत आल्यावर त्यानं आमच्या अंगणात उभं राहून, बादलीनं पायावर पाणी ओतून, तो चिखल त्या ब्लॉकांवर धुतला. वहिनी पाणी देत होती. तिनं दादाच्या पायांकडे पाहिलं, खाली ब्लॉककडे पाहिलं आणि बादली ठेवून आत गेली.

तक्रार झाली ती यानंतर. केली भावकीतल्या काकांनी, म्हणजे माजी सरपंचांनी. काका काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या काळात गल्लीसाठी आलेले सौर दिवे अजून त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यावर, उजेड पाडतात, ते गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण तेव्हा तालुक्याला त्यांचा पक्ष होता आणि त्यांची चौकशी झाली नाही. मध्ये काही वर्षं आमचा पक्ष आला, तेव्हा दादालाही दिवे आठवले नाहीत, कारण काका तेव्हा दादाशी गोड होते. आता पुन्हा त्यांचं चालत होतं. दादा ओसरीवर बसून आल्यागेल्याला विचारायचा, ‘चौकशी कराची तं त्यायच्यापासून करा की! आमच्याच मागं कामून लागले?’ आणि मी मान हलवायची. कारण ते खरं होतं. आमच्यावरची चौकशी सुडाची होती, यात मला आजही शंका नाही. आणि ब्लॉक आमच्या अंगणात होते, यातही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा माहेरी होते, तेव्हाच पंचायत समितीचे साहेब पाहणीला येणार अशी खबर आली. ब्लॉक उपसावेत तर काकांची गच्ची थेट आमच्या अंगणावर. दादानं डोकं चालवलं. म्हणाला, ‘सारवून टाका. दिवाळीच्या सारवणाला कोण इचारायलंय?’

आई, वहिनी आणि मी, तिघी शेणाच्या पाट्या घेऊन बसलो. सिमेंटवर सारवण कुणी करतं का? पहिला हात घसरून गेला. मग या विज्ञानाच्या बाईंनी सल्ला दिला की शेणात गव्हाचा भुसा आणि पांढरी माती कालवा, पकड येईल. आली पकड. मला तर आनंदच झाला, एखादा प्रयोग जमल्यासारखा. आई म्हणाली, ‘शिकल्याचा उपयोग झाला बाई.’ वहिनी हात फिरवत होती. मध्येच थांबून म्हणाली, ‘ताई, सायबानं मला इचारलं तं काय सांगू?’

‘तुमाला कशाला इचारतोय? दादा बोलंल,’ मी म्हणाले.

ऊन चढलं आणि सारवण वाळलं. वाळताना ते नेमकं ब्लॉकांच्या सांध्यांवर तडकलं आणि झाकलेली सगळी नक्षी अंगणभर वर आली. आम्ही झाकायला गेलो आणि रेघ न् रेघ काढून ठेवली. पुन्हा हात मारायला वेळ नव्हता, साहेबांची गाडी दारात आली होती. त्यांना खुर्ची दिली. खुर्चीच्या पायाखाली एक पोपडा उडाला आणि ब्लॉकचा लाल कोपरा उघडा पडला. साहेबांनी तो पाहिला. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. मग त्यांनी बूट सरकवून त्या कोपऱ्यावर ठेवला आणि चहाचा कप हातात घेतला. जाताना म्हणाले, ‘अंगण छान ठेवलंय तुम्ही.’ पाहणीत काही आढळलं नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आई आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. साहेबांचा बूट, ती तडकलेली नक्षी, दादाचा पडलेला चेहरा. वहिनी पीठ मळत होती. ती हसली नाही, आणि मला वाटलं, हिला विनोद कळत नाही.

काकांनी गच्चीवरून सगळं मोबाइलवर घेतलं होतं. आम्ही तिघी शेण कालवतोय, ते गावाच्या ग्रुपवर फिरलं, तिथून पाहुण्यारावळ्यांत गेलं. मी भुसा घाला म्हणून हात हलवतेय, तेही त्यात होतं. माझ्या सासरच्या एका जावेनं मला ते ‘तुम्ही का हो या?’ असं विचारून पाठवलं.

पण गावात चर्चा कसली झाली? आमच्या गावात चहाची दोन हॉटेलं आहेत, एक आमच्या माणसांचं, एक त्यांच्या. त्यांच्याकडं म्हणत होते, ‘मसणातलं खाल्लं यांनी, ह्यायला सोडायचं न्हाई.’ आमच्याकडं म्हणत होते, ‘बायांचं चोरून शूटिंग काढलं, आधी त्याच्यावर केस करा.’ कुणाला कशाची शिक्षा आधी व्हावी यावर दोन्हीकडं दिवसभर रण माजलं होतं. शेवटच्या घरापुढची वाट तशीच होती. तिच्याबद्दल दोन्ही हॉटेलांत कुणी बोललं नाही.

मग अविश्वास ठराव आला. ठरावाआधी काकांनी सदस्यांना देवदर्शनाला नेलं. आमच्याकडं ही रीतच आहे. फुटू नयेत म्हणून सदस्य गाड्यांत घालायचे, देव दाखवत फिरवायचे आणि मतदानाच्या दिवशी कपाळाला गंध लावलेले आणून उतरवायचे. आमच्या बाजूच्या दोन सदस्यांच्या कपाळावरही ते गंध होतं. ठराव मंजूर झाला. सरपंच थेट लोकांनी निवडलेला, म्हणून त्यावर ग्रामसभेचं गुप्त मतदान व्हायचं होतं.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. माझं मत परभणीत, तरी मी रजा टाकून गेले. काका बोलले, ‘कायदा सगळ्यायला सारखा पाहिजे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सभा चालवणारे अध्यासी अधिकारी म्हणाले, सरपंचांना आपली बाजू मांडता येईल. वहिनी उठली. तिच्या हातात माइक आला. ती म्हणाली, ‘मला येवढंच सांगायचंय का, त्यो रस्ता मीच मागितला व्हता…’

दादानं तिच्या हातातून माइक घेतला. ‘ती घाबरलीय, मी सांगतो,’ म्हणाला आणि सूड, राजकारण, बाईमाणसावर अन्याय असं सुरू झाला. वहिनी उभी राहिली तशीच उभी होती. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि ती पुढं काय म्हणणार होती हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. त्या वेळी माझं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. काकांच्या माणसांनी दादाची हुर्यो उडवली आणि माझं डोकं फिरलं. मी बायकांतून पुढं आले आणि ओरडले, ‘आधी आखाड्यावरचे दिवे काढा, मग आमच्या अंगणात या! तुमच्या काळात झालं तवा कायदा कुठं झोपला व्हता?’

आमच्या बाजूनं केवढ्या टाळ्या पडल्या! शिट्ट्यासुद्धा. दादानं माझ्याकडं अशा कौतुकानं पाहिलं की मला लहानपणी वक्तृत्वात बक्षीस मिळाल्याचं आठवलं. आणि मग एकदम लक्षात आलं. शिक्षकांच्या खोलीतलं ते वाक्य होतं. शब्द न् शब्द तेच. मी त्यावर वर्षानुवर्षं नाक मुरडत आले होते, आणि ते माझ्याच तोंडून इतकं सहज निघालं की जणू मी ते जपूनच ठेवलं होतं.

वहिनी पायउतार झाली. काका गुलाल खेळले. थोड्याच दिवसांत त्या शूटिंगच्या जोरावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला, एकट्या वहिनीच्या नावावर. तिच्यासोबत सही करणारा ग्रामसेवक बदली करून निघून गेला होता. दादाचं कुठंच नाव नव्हतं, सही नव्हती. गावासाठी तो सरपंच असला तरी कायद्यासाठी तो कुणीच नव्हता.

जबाबाआधी वकिलांनी आम्हाला बसवून सांगितलं. बाईमाणूस आहे, पहिलाच गुन्हा आहे, कोर्ट सांभाळून घेईल. पण यांचं नाव आलं तर पुढची निवडणूक गेली. दादा खाली बघून अंगठ्याचं नख कुरतडत होता. आई म्हणाली, ‘घरातली गोष्ट घरात ऱ्हावी.’ वहिनीला विचारलं कुणी नाही. मीही नाही. मला तेव्हा रडू येत होतं, ते दादासाठी की तिच्यासाठी, हे माझं मलाच कळत नव्हतं. मनात मात्र मी ठरवलं होतं की ठाण्यात तिच्यासोबत जायचं, आणि तिनं खरं सांगितलं तर तिच्या पाठीशी उभं राहायचं. हे ठरवून मला बरं वाटलं होतं.

ठाण्यात आम्ही दोघीच आत गेलो. जबाब घेणारी पोलीस बाई तरुण होती, आवाजात आब होता. ती म्हणाली, ‘सह्या तुमच्या?’

‘व्हय, माझ्या.’

‘रस्त्याचे ब्लॉक तुमच्या अंगणात आहेत?’

‘हायेत.’

‘कोणी आणायला सांगितले?’

पोलीस बाईनं लिहिणं थांबवलं. खोलीत पंखा खडखडत होता. पोलीस बाई जरा मऊ आवाजात म्हणाली, ‘ताई, घाबरू नका. दुसऱ्या कुणी आणले असतील तर आत्ताच सांगा. नंतर सांगून उपयोग होणार नाही.’

वहिनीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, रागही नव्हता. लग्न होऊन आली तेव्हापासून कुठल्या भांड्यात किती भात टाकायचा हेसुद्धा ती असंच बघून विचारायची. ती मला विचारत होती. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

मला दादा दिसला. बेड्या घातलेला दादा, गच्चीवर हसणारे काका, माझ्या सासरच्या घरात फोनवर उघडलेली ती बातमी. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. रुमाल वरच होता.

‘मीच,’ वहिनी म्हणाली. ‘मीच आणायला लावले. त्यायला म्हाईत न्हवतं.’

पोलीस बाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. हे लिहायला हात धजत नाही, पण तसंच झालं. मला सुटल्यासारखं वाटलं.

बाहेर दादा आमच्या माणसांना सांगत होता, ‘बगा, बाईमाणसाला ठाण्यात बसवायलेत. हा काय इन्साफ हाय?’ सगळे माना हलवत होते. आम्हाला पाहून तो पुढं आला आणि डोळ्यांनीच काय झालं असं विचारलं. मी मान हलवली. आता मला मान हलवता आली.

जीपमध्ये मी वहिनीच्या शेजारी बसले. मग मी तिचा हात धरला आणि म्हणाले, ‘वैनी, तुमी कामून असं केलं? खरं सांगायचं व्हतं तुमी. मी व्हते ना सोबत.’

तिनं हात सोडवून घेतला नाही. बाहेर बघत साधेपणानं म्हणाली, ‘मी तुमालाच इचारलं की, ताई. तुमी रुमाल काढायला लागलात, मंग मला कळलं काय म्हणायचं ते.’